शेगडीपासून पाव चार हात लांब

मुंबईत थंडी जेमतेम तीन आठवडे टिकते आणि गच्चीवर शेगडी पेटवण्याची सगळ्यांची हौस तेवढ्यातच भागवायची असते. गेल्या अंकात निखाऱ्यांवरच्या पदार्थांविषयी मी दोन पाने लिहिली, पण सिलिअ‍ॅक (गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लूटेनमुळे लहान आतड्याला इजा होणारा) आजार असलेल्या माणसांसाठी त्यांत एक ओळही नव्हती, ही उणीव वाचकांनी नेमकी दाखवून दिली. त्यांपैकी काही पत्रे थोडक्यात देऊन येथे उत्तरे देत आहे. निदान आणि उपचार हा डॉक्टरांचा प्रांत आहे. मी लिहिते आहे ती सिलिअ‍ॅक असलेल्या भाचीला सात वर्षे जेवू घालणारी मावशी म्हणून.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. माझ्या ९ वर्षांच्या नातवाला गेल्या पावसाळ्यात सिलिअ‍ॅक असल्याचे निदान झाले. प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीला आम्ही घरचे १७-१८ जण दर वर्षी इमारतीच्या गच्चीवर बार्बेक्यू करतो. माझे धाकटे दीर म्हणतात, की निखाऱ्यावर सगळेच जळून शुद्ध होते, मुलाच्या ताटात पाव पडला नाही म्हणजे झाले. हे खरे मानावे का? (एक आजी, दादर)

उत्तर : आजी, नमस्कार. आपल्या दिरांचा विश्वास होमकुंडाच्या बाबतीत खरा असेल, शेगडीच्या बाबतीत नाही. विस्तवाने जंतू मरतात, पण ग्लूटेन हा जंतू नव्हे. गहू, जव आणि राय या धान्यांत असणारे ते प्रथिन आहे, आणि स्वयंपाकाच्या उष्णतेने त्याचा उपद्रव नाहीसा होत नाही. पाव स्वतःच २०० अंश सेल्सिअसहून तापलेल्या भट्टीतून बाहेर पडतो आणि तरीही सिलिअ‍ॅकच्या माणसाला तो वर्ज्यच असतो, एवढे दिरांना सांगितले तरी पुरे आहे.

प्रमाणाचा हिशेबही त्यांच्या कानावर घालावा. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन ३ महिने पोटात जात राहिले, तर सिलिअ‍ॅक असलेल्यांच्या लहान आतड्याला इजा होते, असे अभ्यासात दिसून आले आहे. पावाच्या एका स्लाइसमध्ये ग्लूटेन साधारण २ ग्रॅम असते, म्हणजे ही मात्रा स्लाइसच्या चाळिसाव्या हिश्शाएवढी झाली. जाळीच्या गजाला चिकटून राहिलेला पावाचा करपलेला पापुद्रा त्याहून मोठा असू शकतो. शिवाय प्रत्येक वेळी पोट दुखतेच किंवा उलटी होतेच असे नाही. काही मुले हसतखेळत असतात आणि आतड्याच्या अस्तराची झीज आत चालूच राहते. त्यामुळे ‘मागच्या वेळी खाल्ले तेव्हा कुठे काय झाले’ हा पुरावा ग्राह्य धरू नये.

आता शेगडीकडे वळू. जुनी जाळी तारेच्या ब्रशने कितीही घासली, तरी गंजाच्या खड्ड्यांत आणि गजांच्या जोडांत गेल्या वर्षीचे काहीतरी उरतेच, म्हणून नातवासाठी एक लहान नवी जाळी आणावी, तिच्या दांड्याला रंगीत सुतळी बांधावी आणि ती एरवी कापडात गुंडाळून वेगळी ठेवावी. तसे जमणार नसेल तर जुनी जाळी घासून धुऊन तिच्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा दुहेरी थर पसरावा. फॉइलवर निखाऱ्याचा थेट खरपूसपणा मात्र येत नाही आणि ९ वर्षांच्या मुलाला ते लगेच कळते, त्यामुळे नवी जाळीच बरी. चिमटा, कलथा, सळया, तेल लावायचा ब्रश आणि मुरवणाची वाटी या वस्तूही वेगळ्या हव्यात. लाकडी दांड्याचा जुना ब्रश तर सरळ बाद करावा.

ब्रशविषयी थोडे अधिक लिहिते, कारण त्या बाबतीतली चूक माझी स्वतःची आहे. भाचीचे निदान होऊन वर्ष झाले होते. गच्चीवर तिच्यासाठी सगळे वेगळे मांडले होते आणि त्या व्यवस्थेचा मला थोडा अभिमानही वाटत होता. शेवटी पाव भाजायला घेतले. वितळलेल्या लोण्याच्या वाटीत ब्रश बुडवायचा, पावाच्या कापलेल्या बाजूवर फिरवायचा, पुन्हा बुडवायचा, असे १०-१२ पाव झाले. मग भाचीने मक्याचे कणीस पुढे केले आणि त्याच ब्रशाने, त्याच वाटीतले लोणी मी त्यावर फिरवले. रात्री ११ वाजता ती न्हाणीघरात ओणवी झालेली असताना मी ती वाटी दिव्याखाली धरून पाहिली. थिजलेल्या पिवळ्या लोण्यात मोहरीएवढे तपकिरी कण जागोजागी अडकले होते आणि ब्रशाच्या केसांच्या मुळाशी मैद्याचा ओलसर लगदा जमला होता. तेव्हापासून आमच्याकडे लोणी ब्रशाने लागत नाही. ज्याने त्याने आपल्या वाटीतून चमच्याने घ्यावे.

या अनुभवावरून माझे स्पष्ट मत असे झाले आहे, की नातवासाठी कोपऱ्यात वेगळे ताट मांडण्याऐवजी शेगडीवर जाणारा प्रत्येक पदार्थच ग्लूटेनमुक्त ठेवावा आणि पाव गच्चीच्या दुसऱ्या टोकाला, वेगळ्या टेबलावर, वेगळ्या तव्यावर भाजावा. अठरा जणांत दोन चिमटे आणि दोन ब्रश ओळखून वापरण्याची शिस्त अर्धा तास टिकते. त्यानंतर गप्पा रंगतात आणि कोणीतरी हाताला येईल तो चिमटा उचलतो. शेगडीवर गव्हाचे काहीच नसेल तर चूक व्हायला जागाच उरत नाही. पाव हाताळणाऱ्याने शेगडीकडे येण्याआधी साबणाने हात धुवावेत. नुसते ओल्या फडक्याला पुसणे पुरेसे नाही.

प्रश्न : आमच्या सुनेला सिलिअ‍ॅक आहे. कोंबडी आणि मटण मुरवताना आम्ही घरचे परभी सांबार वापरतो, आणि यजमानांचे वांद्र्याचे एक मित्र दर उन्हाळ्यात बॉटल मसाला देतात तोही वापरतो. मसाल्यात कसला आला गहू, असे मला वाटते. तरी खात्री करावी म्हणून विचारते. (एक वाचिका, गिरगाव)

उत्तर : विचारलेत हे फार चांगले केलेत, कारण आपण नाव घेतलेल्या दोन्ही मसाल्यांत गहू असतो. पाठारे प्रभूंच्या परभी सांबारात हरभऱ्याच्या डाळीबरोबर गहू भाजून घालण्याची रीत आहे, आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांत बाटल्यांमध्ये ठासून भरला जाणारा बॉटल मसालाही पारंपरिक पद्धतीने गहू आणि चणे भाजून घालूनच केला जातो. मसाल्याला अंग यावे आणि रस्सा मिळून यावा म्हणून ते घालतात. हे दोन्ही मसाले मला प्रिय आहेत, त्यामुळे हे लिहिताना वाईट वाटते. पण घरी करायचे असतील तर गव्हाच्या जागी तेवढेच तांदूळ भाजून घालता येतात. चव थोडी बदलते, फार नाही.

कांडपाचा प्रश्न मात्र उरतोच. लालबागला मिरच्या-धणे घेऊन तिथेच डंकावर मसाला कुटून आणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आपल्या आधी त्याच उखळात कोणाचे सांबार कुटले गेले, हे विचारून कळत नाही. सुनेपुरता पाव किलो मसाला घरच्या मिक्सरमध्ये करावा, हे उत्तम.

हिंगाकडेही लक्ष द्यावे. बाजारातला पुडीतला किंवा डबीतला हिंग बहुधा बांधणीचा असतो, म्हणजे हिंगाच्या डिंकात पीठ मिसळलेले असते आणि ते पुष्कळदा गव्हाचे असते. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो आणि खडा हिंगही मिळतो, फक्त डबीवरचे घटक वाचून घ्यावा. सोया सॉस नेहमीच्या पद्धतीने सोयाबीन आणि गहू आंबवून करतात. त्यामुळे तो आणि तो ज्यात पडतो ती शेजवान चटणी हे दोन्ही वगळावेत. माल्ट व्हिनेगर जवाचे असते. बिअरही जवाची, म्हणून बिअरमध्ये मुरवलेली कोंबडी नको. आंबटपणासाठी आपल्याकडे लिंबू, चिंच आणि आगळ असताना व्हिनेगरवाचून काही अडत नाही. सातूचे पीठ पौष्टिक म्हणून कोणी मुरवणात घालायला सुचवले तर तेही नको, कारण सातू म्हणजे जवच, आणि पुष्कळ घरांत त्या पिठात गहूही असतो.

वेष्टनावरचा हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण पदार्थ शाकाहारी की मांसाहारी एवढेच सांगतो. ग्लूटेनविषयी तो काहीही सांगत नाही. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लूटेनमुक्त’ लिहिलेल्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. तेव्हा शोधायचा तो हा शब्द, आणि तो नसेल तर घटकांची यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची.

प्रश्न : एका माणसासाठी १५ जणांनी आपल्या जेवणाची मजा का घालवायची? आमच्या काळी असले आजार नव्हते. आता जो तो इंटरनेटवर वाचून गहू सोडतो. (एक ज्येष्ठ वाचक, मुलुंड)

उत्तर : आपल्या पत्रातल्या दोन तक्रारी मी वेगळ्या करते. कोणतीही तपासणी न करता हौसेने गहू सोडणारे लोक आहेत आणि त्यांच्याविषयीची आपली चीड मला समजते. सिलिअ‍ॅक मात्र हौसेचा आजार नव्हे, आणि तो नवाही नाही. लंडनच्या डॉ. सॅम्युएल गी यांनी १८८८ साली त्याचे वर्णन केले. हे अन्नातून उद्भवते एवढे त्यांनी ओळखले होते, पण नेमके कशातून ते कळायला आणखी पन्नासएक वर्षे लागली. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये युद्धामुळे पावाचा दुष्काळ पडला तेव्हा इतर मुले खंगत असताना ही आजारी मुले सुधारली, आणि पाव परत मिळू लागताच पुन्हा आजारी पडली. डिके यांचा प्रबंध १९५० साली आला. म्हणजे आपल्या काळी आजार होता, त्याचे निदान होत नव्हते. जगात साधारण शंभरांतल्या एकाला तो असतो, असा अंदाज आहे.

मजेविषयी म्हणाल तर आपल्याला पाव मिळणारच आहे, फक्त दहा पावले चालून दुसऱ्या टेबलापाशी जावे लागेल. आणि बिअरचा पेला शेगडीच्या कट्ट्यावर ठेवू नये.

प्रश्न : आम्ही वर्सोव्याचे. घरात मासळीशिवाय बार्बेक्यू होत नाही. बहिणीला सिलिअ‍ॅक निघाल्यापासून रव्यात घोळवणे बंद केले, पण मग मासा जाळीला चिकटतो आणि तुटतो. काय करावे? (एक वाचक, वर्सोवा)

उत्तर : वर्सोव्याच्या माणसाला मासळीविषयी मी काय सांगणार, पण विचारलेत म्हणून लिहिते. रव्याचे काम तव्यावर असते, जाळीवर त्याचा उपयोग नाही. जाळीवर तो गळून निखाऱ्यात पडतो आणि जळका वास येतो. ओला बोंबील जाळीवर टिकणारच नाही. तो दाबून, पाणी काढून, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावरच तळावा. ज्या तव्यावर रव्याचे तुकडे तळले त्याच तेलात मात्र बहिणीचे तुकडे सोडू नयेत.

जाळीसाठी बांगडा सर्वांत चांगला, कारण त्याच्या अंगचे तेल त्याला सोडवते. पोट साफ करून दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा द्याव्यात, मीठ, हळद, लसूण, तिखट आणि चमचाभर आगळ चोळून २० मिनिटेच ठेवावे. आगळात जास्त वेळ राहिला तर मांस भुसभुशीत होते. जाळी आधी चांगली तापवावी, मग तेल मासा आणि जाळी दोन्हींना लावावे आणि मासा ठेवल्यावर चार मिनिटे त्याला हात लावू नये. कड पांढरी होऊन मासा आपणहून सुटला की उलटावा. ओढावा लागत असेल तर अजून वेळ झालेली नाही. पापलेट किंवा सुरमईची तुकडी केळीच्या पानात बांधून ठेवली तर चिकटण्याचा प्रश्नच येत नाही, आणि पान हीच बहिणीची वेगळी जाळी होते. खेकड्याच्या नावाने मिळणाऱ्या तयार कांड्यांत गव्हाचा स्टार्च असू शकतो. वर्सोव्यात राहून त्या आणण्याचे काही कारणही नाही.

प्रश्न : मुलाला सीख कबाब आवडतात आणि मुलीला पनीर टिक्का. सिलिअ‍ॅक मुलीला आहे, पण दोघांचे एकाच शेगडीवर करायचे आहे. कबाबात पावाचा चुरा नाही घातला तर ते सळईवरून गळतात. (एक आई, विलेपार्ले)

उत्तर : कबाब गळतात ते खिम्यातल्या पाण्यामुळे. पावाचा चुरा ते पाणी शोषतो एवढेच त्याचे काम. खिमा धुऊ नये, मटण धुऊन निथळूनच खाटकाकडून खिमा करून घ्यावा. कांदा किसून, मीठ लावून, घट्ट पिळून घ्यावा. अर्ध्या किलो खिम्याला दोन मोठे चमचे डाळ्यांचे पीठ घालावे आणि दहा मिनिटे पुरणासारखे मळावे. मग तासभर फ्रीजमध्ये ठेवून ओल्या हाताने सळईवर थापावे. निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आल्यावरच सळया वर चढवाव्यात. डाळ्यांचे पीठ घरच्या मिक्सरमध्ये करावे.

पनीर टिक्क्याच्या मुरवणात घालायच्या बेसनाची अडचणही हीच आहे. हरभऱ्याच्या डाळीत ग्लूटेन नसते, पण गिरणीत गव्हाच्या दळणानंतर तुमची डाळ पडली तर पहिल्या किलोभर पिठात गव्हाचे पीठ येणारच. गिरणीवाला चांगला असला तरी जाते प्रत्येक वेळी झाडून घेणे त्याला शक्य नसते. घरघंटी असेल आणि तिच्यात गहू कधीच दळत नसाल तर प्रश्न मिटला. नसेल तर ग्लूटेनमुक्त म्हणून विकले जाणारे बेसन घ्यावे. चक्का, भाजलेले बेसन, आले-लसूण, काश्मिरी मिरची, कसुरी मेथी आणि मोहरीचे कच्चे तेल एवढ्यावर टिक्का उत्तम होतो. दोघांचे एकाच जाळीवर करायला मग हरकत नाही. मुलगी शाकाहारी असेल तर जाळीचे दोन भाग करावेत, पण तो वेगळा विषय झाला.

बाहेर खाताना मात्र पनीर टिक्का सुरक्षित समजू नका. ज्या तंदूरच्या भिंतीला नान थापतात त्याच तंदूरमध्ये टिक्क्याची सळई उतरते. जाण्याआधी फोन करून वेगळी शेगडी आहे का, हे विचारावे, आणि उत्तर देणारा गडबडला तर मुलीला घरूनच खाऊ घालून न्यावे.

प्रश्न : नणंदेच्या मुलाला सिलिअ‍ॅक आहे. त्याच्यासाठी गहू बंद केल्यावर माझ्या मुलीचेही पोट बरे वाटू लागले. तिलाही हाच आजार असेल का? तपासणीची आता गरज आहे का? (एक वाचिका, परळ)

उत्तर : हे मी ठरवू शकत नाही आणि गहू बंद करून आपणही ठरवू नये. रक्तातल्या अँटिबॉडींची तपासणी आणि आतड्याची बायोप्सी यांचे निकाल आहारात ग्लूटेन असतानाच विश्वासार्ह असतात. आधीच सोडले तर आजार असूनही तपासणीत दिसत नाही. पोटविकारतज्ज्ञांना भेटा आणि गहू किती दिवसांपासून बंद आहे ते त्यांना प्रथम सांगा. रुग्णाच्या आईवडिलांना आणि सख्ख्या भावंडांना हा आजार असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, तेव्हा नणंदेनेही त्याच भेटीत आपली आणि मुलाच्या भावंडांची तपासणी विचारून घ्यावी.

प्रश्न : यंदा गच्चीऐवजी अलिबागजवळ मित्राच्या वाडीत पोपटी करायची आहे, आणि फेब्रुवारीत सोलापूरकडे हुरड्याला जायचे आहे. सोबत सिलिअ‍ॅक असलेला भाऊ आहे. (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : पोपटी ही आपली मूळचीच ग्लूटेनमुक्त बार्बेक्यू आहे. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, मीठ आणि ओवा घालायचा, तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती गवत-पालापाचोळा रचून पेटवायचे. यात गव्हाला शिरायला जागाच नाही. फक्त केळीच्या पानात बांधलेल्या कोंबडीला कोणता मसाला लावला, हे विचारून घ्यावे आणि सोबतीला गव्हाच्या पोळ्यांऐवजी तांदळाची भाकरी सांगावी. भाकरी थापताना परातीत कणीक नसावी.

हुरडा ज्वारीचा, म्हणून भावाला मनसोक्त चालेल. सोबतच्या शेंगदाण्याच्या, लसणाच्या आणि तिळाच्या चटण्याही चालतील, त्यांत हिंग असेल तर तो कोणता हे विचारावे. शेवेची मात्र चौकशी करावी. पण फेब्रुवारीत काही शेतांवर हुरड्याच्या आगटीतच गव्हाच्या ओंब्याही भाजतात. त्या हिरव्या, गोड आणि चवीला हुरड्याहून सरस असतात, पण गहू हिरवा असला तरी गहूच. शेतावर पोचताच मालकांना सांगून ज्वारीची पहिली कणसे भावासाठी स्वच्छ आगटीत भाजून घ्यावीत आणि ती दुसऱ्या कोणाच्या नव्हे, त्याच्याच हाताने, कोऱ्या पोत्यावर चोळून घ्यावीत. ओंब्या त्यानंतर.